फटफटीची ठिणगी आणि रेडिओची खरखर



आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि हळूहळू गावोगाव रेडिओ पोचला. रोवणीवरून परतलेली माणसे हातपाय धुऊन ओसरीवर टेकायची. मधोमध रेडिओ. पावसाचा अंदाज, धानाचे भाव, बातम्या, सगळे कान देऊन ऐकणे चालायचे. एवढ्यात रस्त्याने एखादी फटफटी जायची आणि रेडिओतून खर्र खर्र सुरू व्हायची. भावाचा आकडा नेमका त्या खरखरीत बुडायचा. आजोबा म्हणायचे, "गेला बापा भाव!" फटफटी वळणाआड गेली की रेडिओ पुन्हा शहाण्यासारखा बोलू लागायचा.

आता बघा, फटफटी रस्त्यावर आणि रेडिओ ओसरीवर. दोघांच्या मध्ये ना तार, ना दोरी. मग तिची कुरकुर याच्या पोटात शिरली कशी? आज मी आपल्याशी त्याच खरखरीविषयी बोलणार आहे. ही केवळ जुनी आठवण असती तर मी आपला वेळ घेतला नसता. पण ती खरखर अजून जिवंत आहे, तिने घर तेवढे बदलले आहे. पूर्वी ती फटफटीतून निघून दुसऱ्याच्या रेडिओत जाई. आता फटफटीच्याच पोटात एक नाजूक विद्युत् मेंदू बसवलेला असतो, आणि ती त्यालाच छळते.

प्रथम खरखर येते कोठून ते पाहू.

१८८७ साली जर्मनीतील कार्ल्सरूहे या गावी हाइन्रिख हर्ट्झ या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. त्याने दोन धातूंच्या गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी पाडली. काही अंतरावर तारेचे एक कडे ठेवले होते, त्या कड्याला एका जागी बारीकशी फट होती. इकडे ठिणगी पडली की तिकडे त्या फटीतही एक इवलीशी ठिणगी चमके. तलावात दगड टाकला म्हणजे लाटा काठापर्यंत जातात ना, तसेच हे. ठिणगी हा दगड, आणि भोवतालच्या अवकाशात पसरणाऱ्या विद्युत् चुंबकीय लहरी या लाटा. नभोवाणीचा जन्म या ठिणगीतूनच झालेला आहे.

या लहरी ओळखायच्या कशा, या प्रश्नावर आपल्या देशातही काम झाले. कोलकात्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा वापरून लहरी ओळखणारे साधन बनवले. १९०१ साली त्यांनी अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ साली ते मिळाले. पेटंटचे नाव मराठीत सांगायचे तर 'विद्युत् क्षोभ ओळखणारे साधन' असे होते. गॅलेना हा अर्धवाहक पदार्थ आहे. तांब्यातून वीज सरळ जाते, चिनी मातीतून मुळीच जात नाही. अर्धवाहक या दोघांच्या मधला. त्यातून वीज जाऊ द्यायची की नाही हे आपल्याला ठरवता येते. म्हणजे गंमत पाहा, अर्धवाहकाने माणसाची जी पहिली कामे केली त्यांत विजेची खळबळ ऐकणे हे एक होते. आणि आज आपण त्याच अर्धवाहकाला विनवतो आहोत की बाबा रे, ऐकू येईल ते सगळे ऐकू नकोस!

आता फटफटीच्या इंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते आणि अगदी योग्य क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. आपल्या ट्रॅक्टरला किंवा डिझेल पंपाला असा प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेनेच डिझेल पेट घेते. म्हणून ट्रॅक्टर कितीही धडधडला तरी फटफटीसारखी ठिणगीची खरखर तो करीत नाही.

प्लगची फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. पण दाबलेल्या हवेतून एवढी फट ओलांडायलाही पंधरा ते पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो, आणि बॅटरी तर बारा व्होल्टची. हा चमत्कार कॉइल करते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे असतात आणि बारीक तारेचे त्याच्या सुमारे शंभरपट. जाड तारेतून वीज वाहू द्यायची आणि ती एकदम तोडायची. भरधाव एस.टी. एकदम थांबली की आतली माणसे पुढे कशी फेकली जातात? तसाच वीज एकदम तोडली की कॉइलमध्ये जबरदस्त धक्का उसळतो, आणि बारीक तारेच्या टोकाला हजारो व्होल्ट उभे राहतात. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी मोटारींसाठी ही बॅटरी-कॉइलची रचना यशस्वी करून दाखवली. मूळ कल्पना अजून तीच आहे.

तर वीज एकदम तोडणे हे यातले खरे काम. जुन्या राजदूत गाडीत ते 'पॉइंट' करीत असत. धातूचे दोन ठोकळे, चाकाच्या फेऱ्याबरोबर उघडायचे आणि मिटायचे. ते जळत, झिजत. दर काही दिवसांनी मिस्त्री पॉलिश पेपरने ते घासून, फट मोजून पुन्हा बसवून देई. पावसाळ्यात गाडी सुरू झाली नाही तर पहिला संशय पॉइंटवर.

१९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे हे तोडण्याचे काम अर्धवाहकाकडे आले. त्याला झीज नाही, घासणे नाही. १९८० नंतरच्या दशकात जपानी तंत्राच्या शंभर सी.सी.च्या गाड्या आपल्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर 'सीडीआय' नावाची डबी खेड्यापर्यंत आली. तिच्यात थायरिस्टर नावाचे अर्धवाहक दार असते. आजच्या अनेक गाड्यांत त्याच्या जागी 'आयजीबीटी' हे दार असते. त्याचा विकास १९८० च्या सुमारास बंतवाळ जयंत बलिगा यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत केला. बलिगांचा जन्म मद्रासचा, बालपण बेंगळूरजवळच्या जलहळ्ळीचे, आणि शिक्षण मद्रासच्या आय.आय.टी.चे. त्यांचे वडील देशातल्या सुरुवातीच्या विद्युत् अभियंत्यांपैकी एक आणि रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या भारतीय शाखेचे संस्थापक अध्यक्ष होते. २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार बलिगांना मिळाला.

इथपर्यंत सगळे चांगलेच झाले. पण पॉइंटमध्ये एक गुण होता जो आपल्या ध्यानातच आला नव्हता. पॉइंट ठार बहिरे होते! चाकाने ढकलले तरच ते उघडत. भोवती कितीही लहरी उसळोत, त्यांना पत्ता नसे. अर्धवाहक तसा नाही. तो हलक्याशा इशाऱ्यावर चालतो. चाकाजवळ एक छोटे 'पिकप कॉइल' असते. चाकावरचा उंचवटा त्याच्यासमोरून गेला की ते एक लहानसा विद्युत् इशारा देते, "हं, आता ठिणगी टाक." किक मारताना चाक हळू फिरते, तेव्हा हा इशारा जेमतेम व्होल्टभराचा असतो. आणि तिथून वीतभर अंतरावर वीस हजार व्होल्टची ठिणगी कडाडते आहे. लग्नाच्या बँडशेजारी उभे राहून कुणी कानात कुजबुजावे, आणि ऐकणाऱ्याने एकही शब्द चुकवू नये, अशी ही अपेक्षा आहे.

चूक झाली तर काय होते? थोडे गणित करू. शाळेतल्या मुलांनाही ते जमेल. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर फेरे झाले. एका फेऱ्याचे ३६० अंश, म्हणजे सेकंदाला ३६,००० अंश. एका सेकंदाचा हजारावा भाग घ्या. तेवढ्यात चाक ३६ अंश फिरून जाते. ठिणगी तेवढ्याने लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो आणि त्याला उलटा तडाखा बसतो. इंजिन ठोकते, तापते, ताकद जाते. किक मारताना असे झाले तर किक उलटी फिरून पायाला लागते. इशारा ऐकूच आला नाही तर ठिणगी चुकते आणि गाडी उचक्या देते.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासून विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, दोन्ही एकच मेंदूची डबी ठरवते. तिला ईसीयू म्हणतात. ही डबी खरखरीने गोंधळली तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही गोंधळतात.

समजा, सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या जंगलाकडेच्या टोल्यावरून एक माणूस तापाने फणफणलेले पोर घेऊन रात्री गोंदियाच्या दवाखान्याकडे निघाला आहे. पोराची आई मागे बसली आहे. पाऊस आहे. गाडी नवी, पेट्रोल भरलेले. आणि घाटाच्या चढावर गाडी उचक्या देऊ लागते, बंद पडते. पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद. आठ दिवसांपूर्वी प्लगवरची टोपी तडकली म्हणून त्याने दुसरी बसवून घेतली होती. दिसायला तशीच, किमतीला थोडी कमी. मिस्त्रीने ठिणगी तपासून दाखवली, छान निळी पडली. मिस्त्रीला दोष देऊ नका. डोळ्यांना दिसते ते त्याने पाहिले. पण मूळ टोपीच्या आत एक छोटासा रोध होता आणि नव्या टोपीत तो नव्हता. ठिणगी दिसते, खरखर दिसत नाही. म्हणूनच या गोष्टीविषयी बोलले पाहिजे.

गुरुजनहो, खरखर दिसत नसली तरी वर्गात ऐकवता येते. मीडियम वेव्ह असलेला एखादा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ शोधून काढा. जिथे कोणतेच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवा. स्वयंपाकघरातला ठिणगीचा लायटर घ्या, जवळ गॅस मात्र नसावा. रेडिओपासून हातभर अंतरावर तो दाबा. प्रत्येक दाबाला रेडिओत 'टक्' ऐकू येईल. आता दूर दूर जा, टक् मंदावत जाईल. मग एफ.एम.वर स्टेशन लावून तेच करा. टक् फारच कमी झालेली आढळेल. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली एफ.एम.ची पेटंटे मिळवली. त्याने संदेश लहरीच्या उंचीत न ठेवता तिच्या कंपनांच्या वेगात ठेवला. ठिणगी मुख्यतः उंचीवर घाला घालते, तेव्हा उंचीकडे लक्षच द्यायचे नाही, ही त्याची युक्ती.

शेवटी रेडिओवर एखादे गाणे लावा आणि तो स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा. कान लावून ऐका. खरखर गेली, पण गाणेही गेले! हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यात आहे. कान बंद करणे हा खरा उपाय नव्हे. ऐकायचे ते ऐकले पाहिजे आणि खरखरीला बधता कामा नये. अभियंते याला यंत्राची प्रतिकारशक्ती म्हणतात.

आपल्या जिल्ह्याला हिवतापाची ओळख आहे. त्याच्याशी तीन ठिकाणी लढतात. डबकी बुजवायची, मच्छरदाणी लावायची, आणि शरीराची काळजी घ्यायची. खरखरीशीही तीन ठिकाणीच लढावे लागते. ती जिथे जन्मते तिथे, ज्या वाटेने जाते तिथे, आणि जिथे पोचते तिथे.

प्रथम जन्मस्थान. प्लगच्या आत आणि त्याच्या टोपीत साधारण पाच हजार ओहमचा रोध बसवतात. प्लगवर छापलेल्या अक्षरांत इंग्रजी 'आर' असते, ते बहुतेक या रोधाची खूण असते. काही जणांना वाटते, रोध घातला म्हणजे ठिणगी अशक्त होईल. तसे होत नाही. ठिणगी पडेपर्यंत रोधातून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे सगळा दाब फटीपर्यंत पोचतो. ठिणगी पडल्यानंतर जी वीज वाहते ती अँपिअरचा छोटासा अंश असते, तिला या रोधाचा फारसा त्रास नाही. मात्र ठिणगी पडताक्षणी तारेत साठलेली वीज क्षणार्धात कोसळते. तो लोंढा मोठा आणि अतिशय वेगवान. खरखर मुख्यतः त्यातूनच जन्मते, आणि रोध नेमका त्यालाच लगाम घालतो.

शेजाऱ्याच्या रेडिओला त्रास होऊ नये म्हणून या रोधाचा आग्रह सुरू झाला. रेडिओतील व्यत्ययाविषयीची आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालापासून काम करते आहे. ब्रिटनने १९५२ साली मोटारींच्या ठिणगीची खरखर रोखण्याचे नियम केले. तेव्हा तो शेजारधर्म होता. आज रोध काढणारा माणूस आधी स्वतःच्याच गाडीचे नुकसान करून घेतो.

दुसरे ठिकाण म्हणजे वाट. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, रात्री नाटक होते. माईकची लांबलचक तार मंडपातून ओढलेली असते, आणि शेजारून फटफटी गेली की नायकाच्या भाषणात खरखर मिसळते. लांब तार ही न मागता एरिअल बनते. गाडीतही तेच. म्हणून पिकप कॉइलच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात. पिळामुळे खरखर दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि परस्परांना मारते. काही गाड्यांत त्यांच्यावर धातूची जाळी चढवतात. ही तार प्लगच्या तारेपासून दूर ठेवतात. आणि सर्वांत महत्त्वाची ती अर्थिंगची तार. इंजिनाच्या अंगावर जिथे ती कसलेली असते तिथे गंज चढला, की परतणारी वीज आडवाटेने जाऊ लागते आणि मेंदूच्या डबीचा पायाच डळमळतो. आपल्याकडचा पाऊस आणि बांधीतला चिखल, दोन्ही या बोल्टचे वैरी आहेत.

आता तिसरे ठिकाण, म्हणजे खुद्द अर्धवाहक. खरी कमाल इथे आहे.

आपल्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सर्वांना माहीत आहेत. तलावाची पाळ भरलेल्या पाण्याच्या पातळीइतकीच ठेवीत नाहीत. ती त्याहून उंच असते. का? वारा सुटला की लाटा उठतात. लाट पाळीवरून गेली म्हणजे तलाव फुगला असे नव्हे. अर्धवाहकालाही अशीच पाळ घालतात. इशारा ठरावीक व्होल्टच्या वर गेला तरच तो खरा मानायचा, त्याखालच्या लाटा आपटू द्यायच्या. पण पाळ फार उंच करून चालत नाही, नाहीतर किक मारतानाचा तो व्होल्टभराचा इशारा ओलांडून येणारच नाही. म्हणून काही मंडलांत पाळ आपोआप उंच होते. इंजिनाचा वेग वाढला की पिकप कॉइलचा इशाराही मोठा होतो, आणि त्याच प्रमाणात पाळ वर चढवतात. सुरुवातीला ठेंगणी, वेगात उंच.

दुसरी युक्ती दोन खुणांची. घरावरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीला आपोआप चालणारे बटण लावायचे आहे असे समजा. पाण्याची एकच खूण ठेवली तर तिच्याजवळ पाणी जरा हिंदकळले की मोटार चालू-बंद, चालू-बंद होऊन जळून जाईल. म्हणून दोन खुणा ठेवतात. खालच्या खुणेला चालू, वरच्या खुणेला बंद, मधल्या हिंदकळण्याकडे दुर्लक्ष. विजेतली ही युक्ती ओटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात, माकूळ या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करीत असताना शोधली. आज ती बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात सहज मावते.

तिसरी युक्ती धीराची. खरखरीचा टोचा फार थोडा वेळ टिकतो, पुष्कळदा सेकंदाच्या दहालाखाव्या भागाहूनही कमी. खरा इशारा त्यामानाने कितीतरी लांब असतो. म्हणून एक रोध आणि एक कंडेन्सर जोडून अशी चाळणी करतात की क्षणभर टिकून राहील तोच इशारा आत जाईल. धीर किती धरायचा हेही मोजावे लागते. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाला मायक्रोसेकंद म्हणतात. मघाच्या हिशेबाने दहा मायक्रोसेकंद थांबलो तर चाक अंशाच्या तिसऱ्या भागाहून किंचित जास्त फिरते. तेवढे चालते. हजार मायक्रोसेकंद थांबलो तर छत्तीस अंश गेले!

चौथी युक्ती थोडा वेळ कान झाकण्याची. आपलीच ठिणगी आपल्यालाच सर्वांत जवळून ऐकू येते. पण ती केव्हा टाकली हे आपल्याला माहीत असते. सहा हजार फेऱ्यांच्या वेगातसुद्धा पुढचा खरा इशारा सेकंदाच्या शंभराव्या भागानंतरच येणार. मग ठिणगी टाकल्यावर लगेच काही काळ कोणाचे काहीच ऐकायचे नाही. डब्यातला रेडिओ कायमचा बहिरा झाला होता. हे यंत्र मात्र नेमके केव्हा बहिरे व्हायचे ते जाणते.

पाचवी युक्ती दाराच्या कडीची. थायरिस्टर काय किंवा आयजीबीटी काय, त्याला एक फाटक असते. फाटकाला इशारा दिला की दार उघडते. पण दारावर बाहेरून दाब फार झपाट्याने वाढला तर आतल्या आत थोडी वीज फाटकापर्यंत झिरपते आणि कोणी न सांगता दार उघडते. वाऱ्याच्या झोताने गोठ्याचे फाटक उघडावे तसे. म्हणून फाटकाला जमिनीशी जोडणारा एक रोध लावतात. झिरपलेली वीज त्यातून निघून जाते आणि फाटक मिटलेले राहते. शिवाय ठिणगीच्या आयजीबीटीत एक सांडवाही बांधलेला असतो. कॉइलचा उलटा धक्का साधारण चारशे व्होल्टच्या वर जाऊ लागला, की तो स्वतःच थोडे दार उघडून जादा दाब वाहून जाऊ देतो. सांडवा असलेला तलाव फुटत नाही.

हे सगळे नीट झाले की नाही ते कसे कळायचे? पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिथे या तपासणीसाठी खास प्रयोगशाळा आहे. अशा तपासणीच्या खोलीच्या भिंतींना लहरी शोषून घेणारे सुळके लावलेले असतात, बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. गाडी किती खरखर करते ते मोजतात. मग उलट, गाडीवर रेडिओलहरींचा मारा करून ती बिथरते का तेही पाहतात. वाहनांसाठी आपल्याकडे 'एआयएस ००४' नावाचे मानक आहे ते याच विषयाचे. कोणी म्हणेल, विजेवरच्या गाड्या आल्या म्हणजे ठिणगी गेली, खरखरही गेली. तसे नाही. त्यांच्यात अर्धवाहक दारे सेकंदाला हजारो वेळा उघडतात-मिटतात, त्याचीही खरखर होते.

पण कारखान्यात आणि प्रयोगशाळेत कमावलेली ही प्रतिकारशक्ती आपण गावात एका स्क्रू-ड्रायव्हरने घालवू शकतो. म्हणून शेवटी चार गोष्टी सांगतो. त्या ध्यानात ठेवा आणि आपल्या मिस्त्रीलाही सांगा.

एक. प्लग आणि प्लगची टोपी कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचीच घ्या. जुन्या प्लगवर 'आर' असेल तर नव्यावरही असला पाहिजे.

दोन. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अर्थिंगचे बोल्ट आणि बॅटरीची टोके उघडून, घासून, घट्ट करून घ्या. याला खर्च नाही.

तीन. जादा हॉर्न किंवा झगझगीत एलईडी दिवे बसवताना मेंदूच्या डबीच्या तारा सोलून त्यावर जोड मारू नका. हलक्या बनावटीचे दिवे स्वतःच खरखर करतात. पिकपची तार आणि प्लगची तार एकत्र बांधू नका.

चार. ठिणगी तपासताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकलेले हवे. तार नुसती हवेत धरून किक मारू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर तो सगळा धक्का उलट फिरून कॉइल आणि अर्धवाहक यांच्यावर आदळतो, आणि तपासणाऱ्याच्या हातालाही बसतो. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. गाडीवर वेल्डिंग करायचे तर बॅटरी आधी सोडवून घ्यावी.

गुरुजनहो, आपल्या वर्गातली काही मुले उद्या आय.टी.आय.ला जातील, काही देवरी-आमगावच्या रस्त्यावर स्वतःचे गॅरेज घालतील. पॉइंट घासणाऱ्या मिस्त्रीला डोळे पुरत होते, या मुलांना पुरणार नाहीत. न दिसणारी गोष्ट कशी ओळखायची हे त्यांना शाळेतच कळायला हवे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक जुना रेडिओ, एक लायटर आणि एक स्टीलचा डबा पुरे. तो घाटातला माणूस आपले पोर घेऊन वेळेवर दवाखान्यात पोचतो की नाही, हे त्याच्या गावच्या मिस्त्रीला ती टक् कधी ऐकवली होती की नाही यावरही अवलंबून आहे.